दोन चाकांचा तंटा

मोटार वळणावरून जाते तेव्हां तिच्या मागच्या दोन चाकांमध्यें एक तंटा उपस्थित होतो. आंत बसलेल्या मंडळींस त्याची वार्ताहि नसते. वळणाच्या बाहेरच्या अंगाचें चाक लांबचा पल्ला चालतें, आंतल्या अंगाचें चाक जवळचा. आणि तरीहि दोघांनीं एकाच वेळीं वळण संपवावें अशी गाडीची अपेक्षा असते. हिशेब अगदीं शाळकरी आहे. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर धरलें, तर गाडीनें एक पूर्ण फेरी घेतल्यावर बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां सुमारें ८.८ मीटर अधिक चालून येतें. चाकाच्या हिशेबानें हे साडेचार फेरे झाले. मौजेची गोष्ट ही कीं, फेरी अंगणांतली असो वा सबंध शहराला घातलेली प्रदक्षिणा असो, हा फरक तितकाच राहतो.

बैलगाडीला हा तंटा ठाऊक नाहीं. तिचीं चाकें कण्यावर मोकळीं फिरतात आणि ओढण्याचें काम बैल करतात. एक चाक चार फेरे घेवो, दुसरें तीन, गाडीवानास त्याची चिंता नाहीं. आगगाडीचीं चाकें आंसाशीं घट्ट जखडलेलीं असतात. पण त्यांच्या धांवा किंचित् निमुळत्या घडविलेल्या असल्यामुळें वळणावर चाकें रुळांवर थोडीं सरकतात, बाहेरचें चाक आपल्या मोठ्या व्यासावर चालूं लागतें आणि सौम्य वळणें निभावून जातात. मोटारीची अडचण निराळी. तिला ओढणारें जनावर पुढें नाहीं, वाट धरून ठेवणारा रूळ खालीं नाहीं. चाकांनींच जमिनीला मागें रेटून गाडी पुढें न्यावयाची. चाकें मोकळीं सोडावीं तर बळ पोंचत नाहीं, आणि एकमेकांशीं जखडून टाकावीं तर नीट वळतां येत नाहीं. या पेंचांतून वाट काढणाऱ्या यंत्राचें नांव डिफरन्शियल. एका दुरुस्तीनें दुसरी दुरुस्ती कशी आवश्यक केली, आणि प्रत्येक दुरुस्तीनें आपला एक नवा आवाज कसा बरोबर आणला, हाच या यंत्राचा इतिहास होय.

या यंत्राचें मूळ पुष्कळ मागें नेण्याचा मोह अभ्यासकांना झालेला आहे. चीनमध्यें इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत मा जून या कारागिरानें दक्षिणदर्शी रथ केला. रथ कसाहि वळला तरी त्यावरील मूर्तीचा हात दक्षिणेकडेच राही, असें जुने ग्रंथ सांगतात. त्यांत डिफरन्शियल असावें असा कित्येकांचा तर्क आहे. पण तो रथ आज उरलेला नाहीं. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजांतून १९०१ सालीं वर काढलेल्या दंतचक्रांच्या यंत्राबद्दलहि असेंच झालें. डेरेक डी सोला प्राइस यांनीं १९७४ सालीं त्यांत डिफरन्शियल असल्याचें प्रतिपादन केलें. पुढील क्ष-किरण-परीक्षणांत तें मत टिकलें नाहीं. तर्काचा प्रदेश सोडून कागदोपत्रीं पुराव्याकडे वळलें, म्हणजे वाट घड्याळजींच्या दुकानांत जाते. १७२० सालीं जोसेफ विल्यम्सन या इंग्रज घड्याळजीनें सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील तफावत दाखविण्यासाठीं आपल्या घड्याळांत हीच योजना वापरली होती. दोन निरनिराळ्या गतींची बेरीज-वजाबाकी दंतचक्रांनीं करावयाची, ही घड्याळजीच्या हातची विद्या. म्हणून वाफेच्या गाडीसाठीं डिफरन्शियलचें पेटंट १८२७ सालीं ज्यानें मिळविलें तो ओनेसिफोर पेकर हाहि मूळचा घड्याळजीच असावा, यांत नवल वाटावयाचें कारण नाहीं. मँचेस्टरचे रिचर्ड रॉबर्ट्स यांनीं १८३२ सालीं रस्त्यावरील एंजिनासाठीं तशीच योजना नोंदविली, आणि १८७०–८० च्या दशकांत केंट परगण्यांतील अ‍ॅव्हेलिंग आणि पोर्टर यांचा कारखाना आपल्या अवजड वाफेच्या एंजिनांना ती बसवूं लागला.

तथापि या यंत्राला लोकांच्या अंगणांत आणलें तें एका सायकलवाल्यानें. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली हे प्रथम शिवणयंत्रांचे कारागीर. पुढें सायकलींच्या धंद्यांत त्यांनीं नांव कमाविलें. त्यांनीं दोघांनीं शेजारी शेजारी बसून चालवावयाची एक गाडी केली होती. एका बाजूचें चाक एकानें फिरवावें, दुसऱ्या बाजूचें दुसऱ्यानें. असें सांगतात कीं, एके दिवशीं स्टार्ली आपला मुलगा विल्यम यास शेजारी घेऊन फिरावयास निघाले. मुलगा तरुण, पायांत जोर अधिक. त्याच्या बाजूचें चाक पुढें धांवूं लागलें, गाडी तिरकी झाली आणि बापलेक दोघेहि रस्त्याकडेच्या खाजकुइलींत जाऊन पडले. अंगाची आग होत असतांनाच स्टार्ली यांच्या डोक्यांत विचार सुरू झाला, आणि १८७७ सालीं त्यांच्या ‘साल्व्हो’ गाडीला दोन्ही चाकांत बळाची सारखी वांटणी करणारें डिफरन्शियल बसलें. १८८१ सालीं व्हिक्टोरिया राणीनें अशा गाड्या मागविल्यावर त्यांना ‘रॉयल साल्व्हो’ असें नांव मिळालें. त्याच वर्षीं स्टार्ली यांचें निधन झालें. पांच वर्षांनीं, १८८६ च्या २९ जानेवारीस, कार्ल बेन्झ यांनीं ज्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें तींतहि डिफरन्शियल होतेंच. मोटारगाडीचा जन्म झाला त्या दिवशीं हें यंत्र तिच्या अंगावर जन्मखुणेसारखें होतें.

त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. एंजिनाकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, आपल्या टोकाच्या लहान दंतचक्रानें एका मोठ्या दंतचक्रास फिरवितो. आपल्याकडील गॅरेजांत या जोडीला ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात. मोठ्या चक्राला एक पिंजरा जोडलेला असतो. पिंजऱ्याच्या आंत आडव्या खुंटीवर छोटीं दंतचक्रें असतात, आणि त्यांच्या दोहों बाजूंस उजव्या व डाव्या चाकाच्या दांड्यांचीं दंतचक्रें असतात. गाडी सरळ जात असतां आंतलीं छोटीं चक्रें स्वतःभोंवतीं मुळींच फिरत नाहींत. सगळा पिंजरा एकजीव होऊन गरगरतो. वळण आलें कीं तीं आपल्या खुंटीवर हलकेंच फिरूं लागतात आणि एका चाकाची जितकी गति कमी होते तितकीच दुसऱ्याची वाढते. दोन्ही चाकांच्या गतींची सरासरी मात्र नेहमीं पिंजऱ्याच्या गतीइतकीच राहते. तराजूच्या दांडीप्रमाणें हें यंत्र दोन्ही पारड्यांत सारखेंच बळ टाकतें.

आणि याच समतेंत त्याचा दोष दडलेला आहे. एक चाक चिखलांत रुतलें आणि दुसरें कोरड्या खडकावर असलें, तर चिखलांतलें चाक घेऊं शकेल तेवढेंच बळ खडकावरल्या चाकालाहि मिळतें. दुर्बळाला जेवढें पेलतें तेवढेंच सबळाच्या वांट्यास येतें. परिणामीं चिखलांतलें चाक भराभर फिरतें, चिखल उडवितें, आणि खडकावरलें चाक स्तब्ध उभें राहतें. पावसाळ्यांत कच्च्या रस्त्यावर अडकलेली गाडी ज्यांनीं ढकलली आहे त्यांनीं हा न्याय डोळ्यांनीं पाहिलेला आहे. इंग्लंडमधील फ्रेझर नॅश गाड्यांच्या कारागिरांनीं तर हा न्यायाधीशच नको म्हणून टाकला: मागचा आंस अखंड, चाकें जवळजवळ, बळ सांखळीनें पोंचवावयाचें. शर्यतींत या गाड्या गाजल्या; पण वळतांना टायर घांसत नेणारी ही रीत सर्वसामान्यांच्या गाडीला परवडण्यासारखी नव्हती.

हा दोष दूर होण्यापूर्वीं कारागिरांपुढें दुसरीच तक्रार उभी राहिली, आणि ती कानांची होती. आरंभींच्या मोटारींतील क्राऊन-पिनियनचे दाते सरळ कापलेले असत. एक दाता सुटून दुसरा लागतांना प्रत्येक वेळीं ठोका बसे. मिनिटाला हजारों ठोके मिळून एक कर्णकर्कश भोंगा होई. एंजिनें जसजशीं मृदु झालीं तसतसा मागचा हा आवाज अधिक उघडा पडला. इंग्लंडमध्यें फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं दंतचक्राऐवजीं मळसूत्री ‘वर्म’ वापरून शांतता मिळविली. अमेरिकेंत १९१३ सालीं पॅकार्ड कंपनीनें वक्र दात्यांचें क्राऊन-पिनियन आणलें. वक्र दाता एकदम आदळत नाहीं. एका टोकाकडून घसरत लागतो, आणि तो सुटण्यापूर्वीं पुढचा दाता लागलेला असतो. असे दाते कापणारीं यंत्रें न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्यानें केलीं. त्याच कारखान्यांतील अर्न्स्ट विल्डहाबर यांच्या कामांतून पुढें ‘हायपॉइड’ दाते निघाले. यांत लहान चक्र मोठ्या चक्राच्या मध्यरेषेच्या खालीं बसतें. त्यामुळें प्रॉपेलर शाफ्ट खालीं जातो आणि गाडीची बैठकहि खालीं आणतां येते. १९२६ सालीं पॅकार्डनें ही योजना आपल्या मोटारींत आणली. गाड्या ठेंगण्या आणि शांत झाल्या.

पण शांततेची किंमत तेलाला द्यावी लागली. हायपॉइड दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, ते दाबाखालीं घसरतात. साधें तेल त्या दाबांत पिळून निघतें आणि लोखंडाला लोखंड लागतें. म्हणून गंधकादि द्रव्यें मिसळलेलीं, अतिदाब सोसणारीं तेलें तयार करावीं लागलीं. तेव्हांपासून डिफरन्शियलमधील तेल हा यंत्राचाच एक भाग होऊन बसला आहे. चुकीचें तेल घालणें म्हणजे चुकीचें दंतचक्र बसविण्यासारखेंच होय, ही गोष्ट आजहि पुष्कळ मालकांच्या ध्यानांत येत नाहीं.

समतेच्या दोषावर इलाज शोधण्याची निकड शर्यतीच्या मैदानांत निर्माण झाली. जर्मनींत फर्डिनांड पोर्श यांनीं ऑटो युनियन कंपनीसाठीं आंखलेली शर्यतीची मोटार १९३४ सालीं मैदानांत उतरली. सोळा सिलिंडरांचें एंजिन चालकाच्या पाठीमागें, आणि आरंभींच सुमारें ३०० अश्वशक्तीचें बळ. १९३६ पर्यंत तें ५०० च्या पुढें गेलें. त्या काळच्या अरुंद टायरांना हें बळ झेपेना. वळणावर आंतलें चाक हलकें होई आणि गाडी तासाला १०० मैलांच्या वेगांत असतांनाहि तें जागच्या जागीं भिरभिरूं लागे. टायर जळे, बळ वायां जाई, आणि गाडी कोणत्या क्षणीं कोठें घसरेल याचा भरंवसा चालकास राहत नसे. १९३५ सालीं पोर्श यांनीं झेड्-एफ् या दंतचक्रांच्या कारखान्याकडे हें गाऱ्हाणें नेलें. त्या कारखान्यानें खुंट्या आणि उंचसखल कडीं यांच्या घर्षणावर चालणारें नवें डिफरन्शियल केलें. दोन चाकांच्या गतींत थोडा फरक पडला तर तें पडूं देई. फार पडूं लागला तर आंतील घर्षण त्यास अडवी आणि बळ पकड असलेल्या चाकाकडे वळवी. इंग्रजींत याला ‘लिमिटेड स्लिप’ म्हणतात. म्हणजे घसरण्यास मुभा, पण मर्यादेपर्यंत. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्याच्या क्यूबेलव्हागेन या हलक्या गाड्यांना हीच योजना होती. त्या गाड्यांचीं केवळ मागचीं दोन चाकें बळ लावीत, तरी वाळूंत आणि चिखलांत त्या तग धरीत, त्याचें एक कारण हें होतें.

युद्धानंतर ही योजना सामान्य मोटारींत आली. १९५६ सालीं अमेरिकेच्या स्टुडेबेकर-पॅकार्ड कंपनीनें ती देऊं केली. दुसऱ्याच वर्षीं शेव्हरोलेनें ‘पॉझिट्रॅक्शन’ या नांवानें तिचा बोलबाला केला. दात्यांना शांत करणाऱ्या पॅकार्डनेंच चाकांचा तंटा मिटविण्यांतहि पुढाकार घ्यावा, आणि १९५८ नंतर त्या नांवाची गाडीच निघूं नये, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा. या अमेरिकन योजनेंत पिंजऱ्याच्या आंत क्लचसारख्या चकत्यांच्या चवडी असतात. एंजिनाचें बळ वाढलें कीं चकत्या एकमेकींवर अधिक दाबल्या जातात आणि दोन्ही चाकें बरोबरीनें चालूं लागतात. अशा गाडीनें एकदम झेप घेतली तर रस्त्यावर टायरांचे दोन सारखे काळे पट्टे उमटतात. साध्या डिफरन्शियलची गाडी बहुधा एकच उमटविते. १९९२ सालच्या ‘माय कझिन व्हिनी’ या अमेरिकन चित्रपटांत एका खुनाच्या खटल्याचा निकालच या दोन पट्ट्यांच्या साक्षीवर फिरतो.

दुसरा मार्ग व्हर्नन ग्लीसमन यांनीं दाखविला. १९५८ सालीं त्यांनीं पेटंट घेतलेल्या रचनेंत चकत्या नाहींत. मळसूत्री दंतचक्रांच्या अंगच्या घर्षणानेंच बळाची वांटणी बदलते. ‘टॉर्सन’ या नांवानें ही रचना पुढें आउडीच्या चारहि चाकांना बळ देणाऱ्या मोटारींत आणि अमेरिकन सैन्याच्या हमव्ही गाड्यांत गाजली. ती झिजत नाहींच असें नव्हे, पण फार सावकाश झिजते. तिचें एक वैगुण्य मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ती दुर्बळ चाकाच्या दुप्पट-तिप्पट बळ सबळ चाकाला देते; पण एक चाक साफ अधांतरीं असलें तर शून्याची तिप्पट शून्यच भरते. तिसरी रचना इंग्लंडांत फर्ग्युसन यांच्या संशोधनसंस्थेच्या कामांतून आली. तींत दाट सिलिकोन तेलांत बुडालेल्या चकत्यांमधील ओढीनें काम होतें. अशा रीतीनें एकाच रोगावर तीन औषधें झालीं, आणि प्रत्येकाचें पथ्य निराळें.

पथ्याचा विसर पडतो तेथें गाऱ्हाणीं सुरू होतात. आपल्या गाडीचें साधें डिफरन्शियल काढून त्या जागीं मर्यादित घसरणीचें बसविण्याची हौस अनेक देशांत रूढ आहे. हौस वाईट नव्हे. पण काम नाजूक आहे. चाकांचे दांडे बाहेर काढावयाचे, जुना पिंजरा उतरवावयाचा, क्राऊन-चक्र नव्या पिंजऱ्यावर आवळावयाचें, नवीं बेअरिंगें दाबून बसवावयाचीं, आणि ‘शिम’ नांवाच्या पातळ चकत्या घालून पिंजरा नेमक्या जागीं आणावयाचा. क्राऊन आणि पिनियन यांच्या दात्यांमध्यें मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच सैल जागा ठेवावी लागते. ती कमी झाली तर दाते तापतात. अधिक झाली तर आपटतात. जागा बरोबर आली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दात्यांना रंग फांसून चक्र फिरवितात आणि रंग कोठें पुसला गेला तें पाहतात. खूण दात्याच्या मध्यावर पडली तर जुळणी नीट. कडेला पडली तर सगळें पुन्हां उतरवावयाचें. जोडीनें घांसून जुळविलेलें क्राऊन-पिनियन जोडीनेंच नांदतें. एकाला सोडून दुसरें बदललें तर संसार कुरकुरणारच.

आणि मग गाडी रस्त्यावर येते, व मागून आवाज येऊं लागतो. या क्षणीं उतावळेपणा महागांत पडतो. आवाज मागून आला म्हणून दोष डिफरन्शियलचाच, असा निवाडा कित्येकदां साक्षीपुरावा न घेतांच होतो, आणि निर्दोष दंतचक्रांची जोडी भंगारांत जाते. जुन्या अनुभवी कारागिरांची रीत वेगळी. ते आधीं हत्यार उचलीत नाहींत, आधीं ऐकतात.

त्यांचा पहिला प्रश्न असतो, आवाज कोणाच्या चालीवर चालतो? गाडी उभी ठेवून एंजिन तेवढ्याच वेगानें फिरविलें आणि आवाज तसाच आला, तर मागचा आंस सुटला; दोष पुढें आहे. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जातांच आवाजाचा पोत बदलला, तर तो टायरांचा. गाडीला चालतां चालतां हलकेंच डावीकडे-उजवीकडे झोंका दिला आणि एका बाजूस वजन पडतांच घरघर वाढली, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. हे तिघे निर्दोष ठरले म्हणजे मगच डिफरन्शियलची उलटतपासणी.

तीं दंतचक्रें आपली साक्ष प्रवेगाच्या पेडलवर देतात. पाय दाबला असतां सूं-सूं असा सूर निघतो आणि पाय काढतांच थांबतो, अथवा उलट, पाय काढल्यावरच निघतो. असें झालें तर दात्यांची जुळणी बिघडलेली असण्याचा संभव अधिक, कारण बळ लावतांना दात्याची एक बाजू काम करते आणि गाडी एंजिनाला ओढूं लागली म्हणजे दुसरी. पाय दाबला काय, काढला काय, घरघर सारखीच राहिली तर बेअरिंगांकडे पाहावें. त्यांतहि पिनियन चाकांपेक्षां तीनचार पट वेगानें फिरत असल्यामुळें त्याच्या बेअरिंगाचा सूर उंच असतो; पिंजऱ्याच्या बेअरिंगांचा खालचा. गाडी सुटतांना किंवा मागें घेतांना एकच ‘टक्’ असा ठोका आला तर प्रॉपेलर शाफ्टचे सांधे झिजले असावेत, अथवा दात्यांतील सैल जागा वाढली असावी. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां ठोका आला तर क्राऊनचा एखादा दाता तुटल्याची ती वर्दी आहे. मग गाडी तशीच पुढें दामटूं नये.

मर्यादित घसरणीच्या नव्या डिफरन्शियलचा मात्र एक स्वतंत्र आवाज आहे, आणि सर्वांत अधिक गैरसमज त्याचाच होतो. सावकाश, तीव्र वळण घेतांना मागून थरथराट येतो. जणूं आंत कांहीं फुटत आहे. बहुतेक वेळां फुटत कांहीं नसतें. वळणावर चकत्यांनीं एकमेकींवरून घसरावयाचें असतें. तेलांत त्यांच्यासाठीं सांगितलेलें घर्षण-नियामक द्रव्य नसलें तर त्या घसरण्याऐवजीं चिकटतात आणि सुटतात, चिकटतात आणि सुटतात. योग्य तेल भरून मोकळ्या मैदानांत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखीं कांहीं सावकाश वळणें घेतलीं कीं पुष्कळदां हा थरथराट निवतो. एका बाटलीभर द्रव्यानें मिटणारें भांडण अज्ञानामुळें हजारों रुपयांच्या दुरुस्तीवर जातें. उलट टॉर्सनसारख्या दंतचक्रांच्या रचनेला हें द्रव्य सहसा लागत नाहीं. तिचें कामच घर्षणावर चालतें. औषध रोग्याला पाहून द्यावें, हें येथेंहि खरें. तेल काढतांना बुचाच्या चुंबकावर काय जमलें आहे हें पाहणेंहि विसरूं नये. राखाडी मऊ गाळ ही नेहमींची झीज. पण टोंकदार कपच्या हाताला लागल्या तर पेटी उघडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

पैशापेक्षां मोठी अशीहि एक गोष्ट येथें पणाला लागलेली असते. साध्या डिफरन्शियलच्या गाडीचें एक मागचें चाक जॅकवर उचलून, एंजिन चालू करून तें फिरवून पाहण्याची संवय पुष्कळ हौशी दुरुस्तीकारांना असते. मर्यादित घसरणीच्या गाडीला ही संवय लावली तर जमिनीवर टेंकलेल्या चाकालाहि बळ पोंचतें आणि गाडी जॅकवरून उडी घेऊन पुढें धांवते. खालीं माणूस असला तर काय होईल हें सांगावयास नको. तसेंच ओल्या रस्त्यावर साध्या गाडीचें एक चाक घसरलें तरी दुसरें शेंपटी धरून ठेवतें. नव्या योजनेंत दोन्ही चाकें एकदम सुटलीं तर गाडीचें मागचें अंग आडवें जाऊं शकतें. ज्या यंत्रानें चिखलांतून सोडविलें तेंच बेसावध चालकाला वळणावर अडकवितें.

अलीकडे या तंट्यांत विजेवर चालणारा पंच आला आहे. पुष्कळ मोटारींत डिफरन्शियल साधेंच असतें. पण एक चाक उगाच फिरूं लागलें कीं संगणक त्या चाकाला ब्रेक लावतो. चाकाला विरोध मिळतांच डिफरन्शियल आपल्या समतेच्या नियमाप्रमाणें दुसऱ्या चाकालाहि तितकेंच बळ देतें. जुन्या न्यायाधीशाचा स्वभाव न बदलतां त्याच्यापुढील पुरावाच बदलण्याची ही युक्ति आहे. खडतर वाटांसाठीं मात्र लोखंडी इलाज अजून टिकून आहे. नाशिकच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या महिंद्र थार गाडीच्या २०२० सालच्या आवृत्तींत, कांहीं प्रकारांना, मागच्या दोन चाकांच्या गतींत ठराविक मर्यादेपेक्षां अधिक तफावत पडतांच दोहोंना आपोआप जखडणारें डिफरन्शियल बसविलेलें होतें. सह्याद्रीच्या पायथ्याचा आषाढांतला चिखल ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्याचें प्रयोजन समजावून सांगावें लागत नाहीं.

विजेच्या मोटारींनीं तर हा तंटा मुळापासून उपटण्याचा मार्ग पुन्हां उघडला आहे. प्रत्येक चाकाला निराळी मोटर दिली कीं वांटणीचा प्रश्नच उरत नाहीं. ‘पुन्हां’ म्हणण्याचें कारण असें कीं, १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत लोहनर कंपनीची जी विजेची गाडी मांडली होती, तिच्या पुढच्या दोन चाकांच्या तुंब्यांतच दोन मोटरी होत्या, आणि डिफरन्शियल नव्हतें. ती गाडी आंखणारा तरुण कारागीर म्हणजे फर्डिनांड पोर्श. पस्तीस वर्षांनीं त्यांनाच दोन चाकांचा तंटा घेऊन झेड्-एफ्च्या दारीं जावें लागलें.

स्टार्ली बापलेक खाजकुइलींत पडले, त्याला आतां दीडशें वर्षें होत आलीं. मधल्या काळांत यंत्र बदललें, तेलें बदललीं, दाते वांकडे झाले, पंच विजेचे आले. परंतु मागून अनोळखी आवाज येऊं लागला असतां कारागिरानें करावयाची पहिली गोष्ट बदललेली नाहीं. गाडी सावकाश चालवावी, आंतील बोलणें थांबवावें, आणि हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वीं दोन्ही चाकांचें म्हणणें ऐकून घ्यावें.